बारीक झालात, अक्काताई

१४ जून ९९, सोमवार

शाळा सुरू. नऊ महिन्यांनी पायरी चढले.

हेडबाई दारातच. "अगंबाई, मंगलताई, तब्येत काय सुधारली! कॅन्सर झाला होता असं कोण म्हणेल?" कॅन्सर तेवढा हळू म्हणाल्या. तरी शिपाईमामांनी ऐकलंच. मी हसले. ऑपरेशनआधी वजन एकसष्ट होतं. आता शहात्तर. छातीची डावी बाजू सगळी काढून टाकली तरी पंधरा किलो जास्त. केमोच्या वेळची औषधं, घरात बसणं, येईल त्यानं "खा, खा" म्हणणं. सगळं अंगावर येऊन बसलंय.

पी.टी.चे तास नव्या बाईंना दिलेत. मला वाचनालय आणि शिवण. "बसून करायचं काम. तुम्हाला सोयीचं." वीस वर्षं मैदानावर उभी होते. पोटी मूल नाही, त्या पोरीच माझ्या. वाचनालयाच्या खिडकीतून खो-खोचे खांब दिसतात. खिडकीकडं पाठ करून बसले.

१५ जून

सकाळी पी.टी.चा जुना पांढरा ड्रेस घालून बघितला. कुणी सांगितलं होतं! डावा दंड सुजलेला, हात वर होईना. ड्रेस ना आत ना बाहेर. शेवटी ह्यांना हाक मारली. ह्यांनी कात्री घेऊन शिवण उसवली, एकेक टाका, इंजिनचा पार्ट सुटा करावा तशी. एस.टी.च्या वर्कशॉपात जन्म गेला ह्यांचा. उसवलेला ड्रेस घडी करून कपाटात ठेवला.

टाकून दिला असता तर बरं वाटलं असतं.

२ जुलै, शुक्रवार

तपासणी. बाकावर अक्काताई! केमोला माझ्या शेजारच्या खाटेवर असायच्या. मुरगूडच्या. दोन म्हशी आहेत, डेअरीला दूध घालतात. माझ्याच महिन्यात ऑपरेशन, तेही डावीकडचंच. अंगानं त्याही भरल्यात.

"मास्तरीणबाई, वळखलंच न्हाय की तुमास्नी! डोस्कं केसासकट बघितलंय कुठं एकमेकींचं!"

डॉ. म्हणाले, गोळी पाच वर्षं घ्यायची. तीन-तीन महिन्यांनी दाखवायचं. आणि दोघींनी वजन उतरवायचं. या आजारानंतर वजन वाढत जाणं बरं नव्हे. रोज चाला.

अ.ता. : "डाक्टरसाब, बारीक झालो की गाव म्हणतंय, ही आता जाती. जाड झालो की तुमी वरडताय. आमी नेमकं केवढं व्हायचं?"

डॉ. हसले. मीही. पण प्रश्न बरोबर होता.

५ जुलै

सकाळी सहाला रंकाळा. अर्धी फेरी झाली आणि कठड्यावर बसले. गुडघे, पाठ, श्वास. एके काळी पोरींना घेऊन अख्खी फेरी पळत मारायची मी. एखादी मागं राहिली की तिच्या पाठीवर थाप. "सुरुवातीला दुखतंच. थांबायचं नाही." आज स्वतःला म्हटलं आणि उठले.

८ ऑगस्ट, रविवार

आव्वा आली गडहिंग्लजहून. लेकीसाठी डबाभर डिंकाचे लाडू, तुपाची बरणी. दारातच माझे गाल दोन्ही हातांत धरून रडली. आनंदानं. "देवानं अंगाला मांस दिलं बघ." तिची थोरली बहीण याच आजारानं गेली, शेवटी काटकी झाली होती. आव्वाच्या डोळ्यांपुढून ती हलत नाही. मी म्हटलं, डॉक्टर वजन उतरवा म्हणतात, लाडू नकोत. तिचा चेहरा असा उतरला की…

दोन खाल्ले. तिच्यासमोर.

२२ ऑगस्ट

ह्यांनी आज खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला. "दुखतंय काय?"

म्हटलं, हो.

दुखत नव्हतं. हात काढून घेतला त्यांनी. आरशासमोर मी स्वतः उभी राहत नाही, मग ह्यांनी कशाला बघावं. पण मी खोटं का बोलले? भांडी घासताना रडू आलं, नळ मोठा सोडला.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

तपासणी ठीक. वजन ७४. अ.ता. होत्या तेवढ्याच, एकोणऐंशी. त्यांना दवाखान्याच्या काट्यावर भरवसा नाही. म्हणून स्टेशनावरच्या लाल दिव्यांच्या मशीनवर गेलो. मी म्हटलं एकेक करून. त्या ऐकतात कुठं, दोघी एकदम चढलो. चाक गरागरा फिरलं, तिकीट आलं ते भलत्याच आकड्याचं. मागं लिहिलेलं, 'आपण स्वभावाने हळव्या आहात.' अ.ता. म्हणाल्या, "दोघीत मिळून एकच सभाव दिलाय व्हय मेल्यानं!" हमाल बघायला लागले एवढ्या हसलो.

ब्लाउजात त्या कापडाची पिशवी घालतात, शाळूचे दाणे भरून. कापूस हलका पडतो, पदर एका बाजूला ओढतो म्हणे. "वजनाला वजन पायजे की बाई. फकस्त कोंबड्यांच्या म्होरं वाकायचं न्हाय."

किती दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

७ एप्रिल २०००, शुक्रवार

व. ७१. डॉक्टर खूश. गोळीनं अंगातून वाफा निघतात, भर वर्गात घामानं चिंब होते, बोटांचे सांधे सकाळी वळत नाहीत. हे सगळं मोजायला काटा नाही. काट्यावर एवढंच दिसतं, ७१.

अ.ता. ८०! मला रागच आला. "चालता की नाही?" तर म्हणे, "दिसभर म्हशींच्या मागं चालतोच की." ते चालणं वेगळं, हे वेगळं, मी सांगितलं. वहीच्या पानावर चौकोन आखून दिले, एका दिवसाला एक. सकाळी कॅनॉलपर्यंत जायचं, यायचं, आल्यावर चौकोनात फुली मारायची. साय बंद, संध्याकाळी एकच भाकरी. त्यांना वाचता येत नाही, सून सुनीता वाचून दाखवेल.

"बाई, तुमी मला साळंत घातलासा," म्हणाल्या.

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. पुन्हा कुणीतरी माझ्या हाताखाली होतं.

१२ जानेवारी २००१, शुक्रवार

वर्षभर वही फारशी उघडली नाही. चांगलं होतं म्हणून.

आता सहा महिन्यांनी एकदा दाखवायचं. व. ६७. हेडबाईंनी खो-खोचा सकाळचा सराव परत दिला. पहिल्या दिवशी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकताच येईना. पोरी गुपचूप उभ्या. मग वाजली.

अ.ता. ७९. फुल्या मात्र सगळ्या मारून आणल्या होत्या. पानंच्या पानं. "मारतो खऱ्या, पर काटा हालत न्हाय." मी म्हटलं, सोडू नका.

५ जुलै २००२, शुक्रवार

अक्काताई ७५!!

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खऱ्या उतरल्या. डॉ.सुद्धा म्हणाले, छान. घरी आणून जेवू घातलं, ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, तूप नाही. शाळेत पोरींना देते तसं बक्षीस दिलं, स्टीलचा पेला, येताना वाटेत त्यावर नाव घालून घेतलं होतं. त्या पेल्याकडं बघतच बसल्या. जन्मात पहिलं बक्षीस म्हणाल्या. हे म्हणाले, "बघा, आमच्या बाईच्या तावडीत सापडल्यावर सुटका न्हाई."

११ ऑक्टोबर, शुक्रवार

नवरात्र. अ.ता. अंबाबाईला आल्या होत्या, तिथून इकडं. दारात उभ्या राहिल्या आणि मी ओरडलेच, "बारीक झालात, अक्काताई!" गाल आत गेलेत, गळ्याची हाडं दिसतात, कशा छान दिसतात. स्वयंपाकघरात ठेवलेल्या वजनाच्या काट्यावर उभं केलं. ६९. तीन महिन्यांत सहा किलो. मला स्वतःला एवढं जमलं नव्हतं.

पाठ दुखते म्हणाल्या. कंबरेच्या वर, आतून. चालताना जास्त. "डाक्टरला दावून जाऊ काय आलोय तर?" म्हटलं, आज गर्दी असेल, जानेवारीत तारीख आहेच. सुरुवातीला दुखतंच. थांबायचं नाही.

"बरं," म्हणाल्या.

२००३

१० जानेवारी, शुक्रवार

आज बाकावर आधी मी येऊन बसले होते. समोरून एक म्हातारी येताना दिसली, एका माणसाच्या आधारानं. माणूस ओळखीचा वाटला. अक्काताईंचे मालक. मग म्हातारीकडं बघितलं.

हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

५८.

डॉ.नी काट्याकडं बघितलं, जुन्या कागदाकडं बघितलं. हळूच विचारलं, "अक्काताई, हे वजन तुम्ही मुद्दाम उतरवलंय?"

"व्हय की. बाईंनी करून घेतलं." आणि माझ्याकडं बघून हसल्या.

मी तिथं उभी होते. उभी होते एवढंच.

१७ जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट. मणक्यात, बरगड्यांत, लिव्हरमध्ये.

मालक म्हणाले, "म्हंजे वो?" डॉ. त्यांना समजावून सांगत होते. अक्काताई बाहेर बाकावर बसलेल्या, दारातून दिसत होत्या. कुणा बाईला सांगत होत्या की कॅनॉलपर्यंत रोज चालायचं, हाताची बोटं नाचवत.

१८ जानेवारी

वही मागं उलटली. ११ ऑक्टोबर. माझंच अक्षर. 'कशा छान दिसतात.' ते पान फाडावं असं वाटलं. फाडणार नाही. राहू दे.

वीस वर्षं पोरींना शिकवलं, कुठलं दुखणं सरावाचं आणि कुठलं दुखापतीचं ते ओळखायचं. मीच शिकवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

मुरगूडला गेले. आमची आजवरची भेट दवाखान्यात नाहीतर माझ्या घरी, त्यांच्या घरी पहिल्यांदाच. गोठ्याच्या तोंडाशी खाट टाकलीय, तिथून म्हशी दिसतात म्हणून. सुनीता धार काढत होती. अ.ता. खाटेवरून सूचना देत होत्या.

मी बसले. मग म्हणाल्या, "बाई, आता चालायचं बंद करू काय?"

मान हलवली. माझ्या परवानगीसाठी थांबली होती ही बाई.

एस.टी.त शेजारच्या पोरीनं विचारलं, काकी, बरं वाटत न्हाय का? म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

१० फेब्रुवारी

रंकाळ्याला जाणं बंद केलंय. पाय उचलत नाही.

९ मार्च, रविवार

काल डॉ.ना एकटी भेटले. तारीख नव्हती. विचारलं, मी तिला चालायला लावलं म्हणून झालं का? म्हणाले, "नाही. चालण्यानं असं काही होत नाही. आजार आधीच हाडात उतरला होता. जुलैत उतरलेलं वजनसुद्धा कदाचित त्याचंच असेल. मीही छान म्हटलं होतं."

"ऑक्टोबरात दाखवलं असतं तर?"

पेनाचं टोपण लावत बसले. मग म्हणाले, "थोडं आधी कळलं असतं. दुखणं कमी करायचं औषध आधी देता आलं असतं. त्या वाचल्या असत्या असं मी म्हणणार नाही."

थोडं आधी. म्हणजे तीन महिने. तीन महिने ती त्या पाठीवर कॅनॉलपर्यंत चालली.

खोटं बोलले नाहीत याबद्दल त्यांचे आभार मानावेत की नाही, कळत नाही.

३० मार्च, रविवार

आज सांगून टाकलं अक्काताईंना. पंधरा दिवस मनात घोळवत होते. सुनीता पाण्याला गेली होती. म्हटलं, नवरात्रात तुम्ही डॉक्टरला दाखवू का विचारलंत, मी नको म्हटलं. दाखवायला पाहिजे होतं. चूक माझी.

मला वाटलं होतं त्या म्हणतील, तुमचं काय न्हाय वो त्यात. वाटच बघत होते मी त्याची.

त्या गोठ्याकडं बघत राहिल्या. "व्हय. दावाय पायजे हुतं."

एवढंच. मग पांघरूण ओढून घेत: "म्या बी हट्ट करायचा की. पर मला तुमच्याकडनं शाबासकी पायजे हुती. म्हटलं, दुखतंय दुखतंय केलं तर बाई म्हणतील, ही पळपुटी."

पुढं म्हणाल्या, "पाठीवरनं जरा हात फिरवा."

फिरवला. प्रत्येक मणका हाताला लागत होता. हळू, हळू म्हणत होत्या, तशी फिरवत राहिले.

११ मे, रविवार

सुट्टी. आठवडाभर मुरगूडलाच होते, आज परत आले. हे स्वतः म्हणाले होते, राहा तिथं, मी करून खातो.

आता पातळ पेजच जाते, तीही चार चमचे. भरवायला मी बसले की जास्त घेतात असं सुनीता म्हणाली. मी "अजून एक" म्हणायची आणि त्या तोंड उघडायच्या. कुणाला काय करायला लावतेय मी. ज्या बाईला साय खाऊ दिली नाही, तिला आता साय खा म्हणून गयावया.

एकदा दुपारी बरं वाटत होतं. ट्रंकेतून एक जुनी चोळी काढायला लावली. हिरवी, खणाची. "लग्नातली. दिवाळीत अंगात आली बघा बाई. तीस वर्सांनी! डाव्या अंगाला शाळूची पिशवी घातलो आन् सगळ्या गल्लीतनं फिरून आलो. मालक म्हणाले, कोण ही नवी नवरी? लई बरं वाटलं. दोन महिनं मिरवलो." डोळे चमकत होते. "तेवढं मातर तुमच्यामुळं झालं."

या वाक्याचं काय करू मी? घेऊ का टाकू?

१९ जून, गुरुवार

शाळेत फोन आला. सकाळी सातला गेल्या.

पोचले तेव्हा न्यायची तयारी झाली होती. हिरवी चोळी घातली होती. कुणीतरी मागं म्हणालं, "लई हलकी झाल्ती." मालक ऐकून बाजूला जाऊन बसले.

सुनीतानं स्वयंपाकघराच्या दारामागं नेलं. चौकोनांचे कागद, पावणेतीन वर्षांचे, एकावर एक खिळ्याला टोचलेले. "आत्याबाईंनी ठेवलेत. टाकू का तुमी नेतासा?" शेवटचा कागद जानेवारीचा. नऊ तारखेपर्यंत फुल्या. दवाखान्याच्या आदल्या दिवसापर्यंत. शेवटच्या फुल्या वाकड्या.

म्हटलं, राहू देत इथंच.

२९ जून

खाणं वाढलंय. मलाच दिसतंय. शाळेतून आले की उभ्याउभ्या भाकरी, शेंगदाणे, जे असेल ते. पोट भरलं तरी हात थांबत नाही. अंगावर मांस असलं की जिवंत आहे. आव्वाचं खरं होतं. काट्यावर चढत नाही.

१६ नोव्हेंबर

हे रिटायर होऊन महिना झाला. आज माझ्यावर ओरडले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असे कधी ओरडले नव्हते. मी जिना चढून धापा टाकत बसले होते, हातात फरसाणाची पुडी. पुडी हिसकावून घेतली. "तिच्या मागनं जायचंय काय तुला? सांग तरी तसं! मी आपलं एकट्यानं राहायची तयारी करतो!"

आणि तोंड फिरवून उभे राहिले. पाठ हलत होती. मी उठून जवळ गेले. खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो धरून ठेवला, सुजलेला डावाच. दुखतंय का विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही.

१७ नोव्हेंबर

सकाळी सहाला ह्यांनी उठवलं. स्वतः बूट घालून तयार. पाव फेरी. दोघंही दमलो.

व. ७९.

२ जुलै २००४, शुक्रवार

पाच वर्षं पुरी. गोळी बंद.

डॉ. म्हणाले, अभिनंदन. बाहेर बाकावर दोन नव्या बायका बसलेल्या, डोक्याला स्कार्फ, एकमेकींशी हळू बोलत. मी त्यांच्याकडं न बघता पुढं गेले. मग परत आले. म्हटलं, पाच वर्षं झाली मला. एकीनं माझा हात धरला. मला ते सहन होईना.

व. ७७. उतरवा म्हणाले. म्हटलं, डॉक्टर, मला बारीक व्हायची भीती वाटते. जाड राहायचीही वाटते. ते म्हणाले, "चाला. खा नीट. आणि काही वाटलं तर तारखेची वाट न बघता या. एवढंच तुमच्या हातात आहे, माझ्याही."

२२ ऑगस्ट, रविवार

अख्खी फेरी झाली! ह्यांची अर्धी, ते कठड्यावर शेंगा खात बसतात. व. ७४. अक्काताईंचे मालक आले होते कोल्हापूरला, खरवस घेऊन. म्हैस व्याली. "ती असती तर तुमास्नी पयला दिला असता," म्हणाले. थोडा खाल्ला. फार नाही. चव चांगली होती.

खरवस खाताना पहिल्यांदाच तिची आठवण येऊन नुसतं रडले, अपराधी न वाटता. मग ते वाटलंच.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

व. ७१.५.

काट्यावरून उतरले, परत चढले. ७१.५. ह्यांना बोलावलं. ते वाकून बघत म्हणाले, "चालतीस की रोज. म्हणून उतरलंय. बरं झालं की."

हेच मी म्हटलं होतं.

चालते हे खरं. तेल कमी केलंय तेही खरं. पण डाव्या बरगडीत आठवडाभर काहीतरी टोचतंय. गेल्या आठवड्यात सरावात पोरीची धडक बसली होती, त्याचं असेल. त्याचंच असेल.

५ ऑक्टोबर

शाळेत सगळ्याजणी म्हणतात, काय मंगलताई, रहस्य काय? हेडबाईंनी तर स्टाफरूममध्ये टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन बरगडी दाबून बघितली. दाबलं की दुखतं. न दाबता पण दुखतं का? कळत नाही. दाबून दाबून दुखायला लागलंय की काय.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

तारीख जानेवारीची आहे. आज गेले. डॉ.नी बरगडी तपासली, काही वेगळं बोलले नाहीत, चेहऱ्यावरूनही कळू दिलं नाही. "आलात ते चांगलं केलंत." उद्या सकाळी फोटो आणि स्कॅन.

विचारलं, चालणं चालू ठेवू?

ठेवा, म्हणाले.

१० ऑक्टोबर, रविवार

काल सगळं झालं. मशीनमध्ये निजवलं तेव्हा हे काचेपलीकडं उभे होते, दोन्ही हातांत माझी चप्पल धरून. कुणी सांगितलं नव्हतं धरायला.

आज सकाळी रंकाळा. एक फेरी पुरी केली. निम्म्या वाटेवर बरगडी टोचली. थांबले, श्वास घेतला, हळू चालले. ह्यांनी आज शेंगा घेतल्या नाहीत, माझ्याबरोबरच आले शेवटपर्यंत.

घरी आल्यावर काट्याकडं बघितलं नाही. भाकरी खाल्ली, दीड. दूध घेतलं.

मंगळवारी दहाला रिपोर्ट. हे म्हणाले, "तू घरात थांब, मी जाऊन आणतो." म्हटलं, नको. दोघं जाऊ. चालत जाऊ.